गुनाह कुणाच्या गर्दनीवर

चौदाव्या वर्षी माझ्या टाचांना भेगा पडल्या, त्या अनवाणी फिरून नाही, पाण्यानं. नमाजीच्या आधी हात, तोंड, पाय धुतात त्याला आम्ही वजू म्हणतो. नीट केला तर तो लोटाभर पाण्यात होतो आणि चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उरकतो. माझा वजू सुरू झाला की अम्मा आधी रांजणाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि मग घागर उचलून आडाकडे चालू लागायची. परभणीच्या उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला जातं, दोर पुरत नाही. तरी ती बिचारी बोलायची नाही. मुलगी धर्माचं करतेय, तिला काय रागवायचं, असं तिला वाटायचं.

मी काही वेडी नव्हते. वर्गात पहिली होते, आणि तेही मराठी शाळेत. आमचे अब्बा अव्वल तालुकदारांच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. पोलीस ॲक्शननंतर त्याच इमारतीची कलेक्टर कचेरी झाली आणि पाहता पाहता फायलींची भाषा उर्दूची मराठी झाली. त्यांच्याबरोबरच्या काहींनी बिऱ्हाड उचललं, कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याहून लांब. अब्बा गेले नाहीत. त्यांनी बाजारातून दोन अंकलिप्या आणल्या, एक मला आणि एक स्वतःला. संध्याकाळी आम्ही बापलेक कंदिलापाशी बसून अक्षरं गिरवायचो. ‘ळ’ त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, मला महिन्याभरात जमला. त्यांनी मला मराठी मुलींच्या शाळेत घातलं, आणि मोहल्ल्यात कुणी भुवया उंचावल्या की म्हणायचे, सरकारची भाषा जिला येते तिला कुणी उठवून लावत नाही.

सातवीची परीक्षा पास झाली की तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागता येत होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं. तिकडे सोनपेठच्या फुफूनं, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं, तिच्या मुलासाठी मला मागितलं होतं. अब्बांनी तिला शब्द दिला होता, सातवी होऊ दे. पास झाली तर शिकवेल, नापास झाली तर तुझ्या घरी पाठवतो. फुफूचा मुलगा वाईट नव्हता. गोरा होता, मला बघून उगाच हसायचा. पण मला सोनपेठला जाऊन भाकऱ्या थापायच्या नव्हत्या. माझं सगळं आयुष्य त्या एका परीक्षेला टांगलेलं होतं, आणि नेमक्या त्याच वर्षी माझं डोकं फिरलं.

मी मोठी झाले तसे पाकीचे, शुद्धतेचे नियम वाढले, ते सगळ्याच मुलींचे वाढतात. त्यात एका लग्नाला आलेल्या पाहुण्या बाईंनी बायकांच्या बैठकीत सांगितलं की वजूत टाचेवर नखाएवढी जागा कोरडी राहिली तरी नमाज होत नाही. नियम खराच आहे. बाकीच्या बायका हं हं करून पान लावू लागल्या. माझ्या डोक्यात मात्र ती कोरडी जागा घर करून बसली. पाय धुतला की वाटायचं, डावी टाच राहिली. परत धुतला की वाटायचं, आता उजवी राहिली. नियमानं तीनदा धुवायचं असतं. मी तीनदाची मोजणी विसरले की काय, या शंकेनं सगळं पहिल्यापासून सुरू करायची. नमाजीला उभी राहिले तरी मन टाचेत.

पुढं ते टाचेत राहिलं नाही. शाळेत गणित सोडवलं की वाटू लागलं, बेरीज चुकली. तपासलं की बरोबर निघायची. बरोबर निघाली की वाटायचं, तपासताना चुकले असेन. सहामाहीला मी गणिताच्या पेपरात पहिलंच गणित सोडवत बसले, खोडत बसले, रबरानं कागद फाटला, आणि घंटा झाली. वर्गात पहिली येणारी मुलगी दोन गणितं लिहून घरी आली.

आमचे गुरुजी पोखर्णीचे. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले आणि आता मराठीत शिकवणारे, त्यामुळे आमच्यासारख्यांची अडचण त्यांना न सांगता कळायची. ते स्वतः कचेरीत जाऊन अब्बांना भेटले. ‘साहेब, पोरगी हुशार हाय, पन तिच्या डोक्यात कायतरी अडकलंय. असंच राहिलं तर सातवीला नापास हुईल ती.’ त्या संध्याकाळी अब्बा जेवले नाहीत. अम्मानं दुसऱ्या दिवशी बुरखा घातला, माझा हात धरला आणि मला उस्तानीबींकडे नेलं.

मोहल्ल्यातल्या साऱ्या मुलींना कुराण वाचायला शिकवणाऱ्या बाई म्हणजे उस्तानीबी. ताडकळसच्या होत्या, शेतकऱ्यांच्या शेजारात वाढलेल्या, लग्न होऊन परभणीत आलेल्या आणि लवकर विधवा झालेल्या. आमच्याशी त्या दखनी उर्दूत बोलायच्या, पण राग आला की मराठीत यायच्या. त्यांची मराठी सुरू झाली की आम्ही मुली पाय पोटाशी घेऊन बसायचो.

अम्मानं सगळं सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाली, ‘आपा, एखादं तावीज द्या. मला वाटायलंय, हिला कशाची तरी नजर हाय. आडावर संध्याकाळी एकटी जाती.’

उस्तानीबी लगेच मराठीत आल्या. ‘आडावर काय बसलंय हिला धरायला? जिन न्हाई आन नजर न्हाई. ह्याला वसवसा म्हनत्यात, शंकेचा रोग. ज्याला पाक राहायची लय आवड, त्याच्याच डोक्यात शिरतो. हिच्या जागी तुझा पोरगा असता तर शिरला असता का? त्याला आठवड्याला आंघोळ घालायची तर चार मानसं लागत्यात.’

अम्माला हसू आलं. मला आलं नाही, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या त्रासाला नाव दिलं होतं, आणि ते नाव मी वाईट असल्याचं नव्हतं. मला एकदम रडू फुटलं.

उस्तानीबींनी मला समोर बसवलं आणि दीनचा, धर्माचा नियम सांगितला. हात-पाय धुतले हे नक्की असेल आणि नंतर शंका आली, तर शंकेला किंमत नाही. नक्की ते नक्की, शंका ती शंका. टाच कोरडी राहिली असं अल्लाची कसम खाऊन सांगता येत असेल तरच परत धुवायचं. नुसतं वाटतंय म्हणून धुवायचं नाही. मी मान हलवली. पण माझ्या चेहऱ्यावरची भीती गेली नसावी, कारण त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि म्हणाल्या, ‘तरी डर वाटायली तर आईक. तुझा वजू चुकला, नमाज चुकली, तर त्याचा गुनाह माझ्या गर्दनीवर. कयामतच्या दिवशी मी जवाब देईन. जा आता.’

अशी जबाबदारी घेणं आमच्यात नवीन नाही. वडीलधारं माणूस लेकराच्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणतं, माझ्या गर्दनीवर. त्या दिवशी घरी येताना मला पिसासारखं हलकं वाटलं. दोन दिवस मी लोटाभर पाण्यात वजू केला आणि अम्मानं रांजण भरलेला बघून मला जवळ घेतलं.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजू करताना माझ्या डोळ्यांसमोर उस्तानीबी उभ्या राहिल्या. कयामतचं मैदान, कडकडीत ऊन, आणि त्यात ती म्हातारी माझी कोरडी टाच मानेवर घेऊन जबाब द्यायला उभी. आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आजवर मी फक्त माझ्यासाठी धूत होते. आता मी त्यांच्यासाठी धुऊ लागले. माझ्यामुळे त्यांना जहन्नमची आग लागली तर? पाय धुतला, परत धुतला. नमाज पढली, परत पढली. कुराणाचं एक अक्षर घशातून नीट आलं नाही असं वाटलं की ओळ परत, पान परत. शाळेत तर खोडरबर झिजून बोटाला लागेनासं झालं. आधीचा वसवसा बरा म्हणायची पाळी आली.

मी हे कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी ओझं घेतलं त्यांनाच कसं सांगायचं की तुमचं घेतलेलं मला जास्त जड झालंय?

त्यांनीच ओळखलं. हिवाळा होता. कुराणाचा सबक, धडा घ्यायला मुली ओळीनं बसल्या होत्या आणि मी सगळ्यात शेवटी, धापा टाकत आले. बसताना उस्तानीबींची नजर माझ्या पायांवर गेली. भेगांतून रक्त आलं होतं. त्यांनी बाकीच्या मुलींना सुट्टी दिली आणि मला विचारलं, ‘मी सांगितलेलं करायली का न्हाई?’

‘करायले,’ मी म्हणाले.

‘मग हे काय?’

मी सांगून टाकलं. कयामत, ऊन, टाच, सगळं. हुंदके देत सांगितलं. मला वाटलं त्या माया करतील, डोक्यावरून हात फिरवतील. त्या एकदम मराठीत आल्या. पण या वेळी राग माझ्यावर नव्हता.

‘मीच गाढव. कुनाचं ओझं कुनी उचलत न्हाई, हे इथं बसून मीच तुमाला शिकवायले, आन मीच इसरले. लेकराच्या मानेवरचं काढून माझ्यावर घेतलं आन वाटलं, लय मोठं काम केलं. ऊठ. लोटा भर.’

मी लोटा भरून आणला. त्यांनी मला त्यांच्यासमोर वजू करायला लावलं. पाय धुऊन झाले तसा त्यांनी उरलेला लोटा घेतला आणि पाणी तुळशीसारख्या वाढलेल्या सब्जाच्या रोपाला ओतून टाकलं. आता मला परत धुवायला थेंब नव्हता.

‘आला शक?’ त्यांनी विचारलं.

‘आला.’

‘कुठं?’

‘डाव्या टाचेला.’

‘कोरडी हाय म्हनून कसम खातीस?’

‘नाही.’

‘ओली हाय म्हनून?’

मी टाचेकडे बघायला वाकू लागले तर त्यांनी दंड धरला. ‘बगायचं न्हाई. सांग.’

‘नाही खाता येत,’ मी म्हणाले.

‘मग तशीच हुबी रहा नमाजीला. शक जायची वाट बगू नको, तो जात नसतो. पावना आल्यासारखा आलाय, बसू दे कोपऱ्यात. तू त्याला चा-पानी इचारलंस म्हनूनच तो मुक्कामाला राहिलाय.’

मी मुसल्ल्यावर, नमाजीच्या चटईवर उभी राहिले. मला शपथेवर सांगायचं आहे की ती नमाज माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड नमाज होती. शेवटचा सलाम फेरला तेव्हा मी घामानं भिजले होते, आणि शंका तिथंच होती. पण मी तिच्यासकट नमाज पढले होते.

‘आता सांग,’ उस्तानीबी म्हणाल्या, ‘ह्या नमाजीची जबाबदारी कुनाच्या गर्दनीवर?’

मी चाचरत म्हणाले, ‘माझ्या?’

‘तुझ्याच. आन तुझी गर्दन काय लेचीपेची न्हाई. आडावरून डोईवर दोन घागरी घेऊन येतीस, मी बगत न्हाई का? जेवढं जमलं तेवढं केलं, हे तुझं तूच सांगायचं अल्लाला. तो आईकतो. त्याला आपल्यापरीस लय अक्कल हाय.’

कुणी माझं ओझं उचललं होतं तेव्हा मी खचले, आणि ते परत माझ्या हातात दिलं तेव्हा मला बळ आलं. हे कसं झालं ते त्या वयात मला कळलं नाही. आवडलं मात्र. मी मजबूत आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. सगळे मला जपत होते आणि त्या जपण्यानंच माझे नाकी नऊ आले होते.

त्यानंतर रोज तेच. एक लोटा, त्यांच्यासमोर, आणि उरलेलं पाणी सब्जाला. सब्जा फोफावला. मी काही एका रात्रीत बरी झाले नाही. कधी त्यांच्याकडून घरी आल्यावर चोरून पाय धुवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगायची. त्या रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘काल धुतलंस ते गेलं. आजचं बोल.’ टाचांना त्यांनी एरंडेल लावायला दिलं आणि लावलं की नाही ते मात्र दररोज तपासलं.

परीक्षा जवळ आली तशी त्यांनी जे केलं त्याची मोहल्ल्यात बरेच दिवस चर्चा झाली. बुरखा घालून त्या आमच्या शाळेत आल्या. उस्तानीबी सहसा घराबाहेर पडत नसत, आणि मराठी शाळेचा उंबरठा तर त्यांनी कधी ओलांडला नव्हता. वर्गाच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी गुरुजींना बाहेर बोलावलं. गुरुजी अदबीनं उर्दूत बोलू लागले तर या मराठीत बोलल्या. मी खिडकीपाशी होते, मला ऐकू येत होतं.

‘गुरुजी, पोरीची टाच सुदारली. आता गनित तुमच्याकडं हाय.’

गुरुजींना काही कळेना. उस्तानीबींनी सगळं समजावून सांगितलं, कसमेचा नियम, पाणी ओतणं, शंकेला चहा न विचारणं. गुरुजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. ‘पन बाई, नमाजीचं अल्ला माफ करतो म्हना. गनित तपासनारा मास्तर माफ करीत न्हाई. चुकलं तर मार्क जातेतच की.’

‘जाऊ द्या,’ उस्तानीबी म्हणाल्या. ‘एकाचे जातेन. पहिल्यालाच घोडं अडलं तर समद्याचे जातेन.’

गुरुजींनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडचं खोडरबर काढून घेतलं. मला पेन्सिलीऐवजी टाक-दौत दिली. मी एका गणितावर रेंगाळले की ते बाकापाशी येऊन वहीवर बोट ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे, ‘म्होरलं.’ वर्गातल्या मुलींना ते फार आवडलं. वाटेत मी चप्पल घालायला वाकले तरी त्या मागून ओरडायच्या, ‘म्होरलं.’ मी त्यांच्या मागे धावायची. त्यातल्या दोघी-तिघी शेतकऱ्यांच्या मुली, शिकायला परभणीत मामाकडे, काकाकडे राहिलेल्या. माझा त्रास काय होता ते त्यांना धड माहीत नव्हतं, पण औषध बरोबर देत होत्या.

परीक्षा मोठ्या शाळेत होती. गणिताच्या पेपराला अब्बा रजा टाकून फाटकाबाहेर उभे राहिले. पहिलं गणित हौदाचं होतं, एका तोटीनं भरायचं आणि दुसरीनं रिकामं व्हायचं. म्हटलं, वा, परीक्षेतही पाणीच. मी सोडवलं, उत्तर लिहिलं, आणि शंका आली. नेहमीसारखी नुसती सावली नव्हती, चांगली दांडगी होती. कुठंतरी वजाबाकी चुकली आहे असं वाटत होतं. मी स्वतःला विचारलं, चुकलंय अशी कसम खातेस? नाही. बरोबर आहे अशी? नाही. हात परत पहिल्या ओळीकडे गेला. आता एकदा तपासलं तर परत तपासावं लागेल, आणि परत, आणि बाहेर अब्बा उन्हात उभे आहेत, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. इथं गुरुजी नव्हते, उस्तानीबी नव्हत्या, पाणी ओतून टाकायला कुणी नव्हतं. मी टाक दौतीत बुडवला आणि दुसरं गणित लिहायला घेतलं. शंका तिसऱ्या गणितापर्यंत माझ्याबरोबर होती. चौथ्याला मी तिला विसरले. घंटा झाली तेव्हा माझे सगळे प्रश्न लिहून झाले होते.

बाहेर आल्यावर मुली घोळका करून उत्तरं जुळवू लागल्या. हौदाचं उत्तर सगळ्यांचं एक आणि माझं वेगळं. मी तिथंच उभ्या उभ्या मनात आकडे मांडले. वजाबाकी चुकली होती. ज्या ठिकाणी वाटली होती त्याच ठिकाणी. आयुष्यात पहिल्यांदाच माझी शंका खरी निघाली होती.

अब्बांनी विचारलं, ‘कसा गेला?’ मी म्हणाले, ‘सांगते,’ आणि घरी न जाता तशीच उस्तानीबींकडे गेले. त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

‘उस्तानीबी,’ मी म्हणाले, ‘पहिलं गणित खरंच चुकलं. शंका आली होती. मी परत बघितलं नाही. बघितलं असतं तर सापडलं असतं.’

त्यांचे हात थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. म्हणजे त्याही घाबरू शकतात हे मला तेव्हा कळलं. इतक्या महिन्यांची मेहनत या एका वजाबाकीनं पाण्यात जाते की काय, असं त्यांना वाटलं असणार.

‘मग?’ त्यांनी अगदी हळू विचारलं.

‘मग काही नाही,’ मी म्हणाले. ‘चुकलं तर चुकलं. बाकीची सगळी लिहिली.’

आणि ते बोलताना मला जाणवलं की हे खरं आहे, मला खरंच काही वाटत नाहीये. मला नुसती भूक लागली होती. उस्तानीबींनी सूप बाजूला ठेवलं, ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात धरून ठेवला, फार आनंदात.

घरी आले तेव्हा अम्मा भाकरी करत होती. निकालाला अजून कितीतरी अवकाश होता. मी पाटावर बसले, ताट पुढं ओढलं आणि तिला म्हणाले, ‘अम्मा, फुफूला निरोप धाडून दे. मी सोनपेठला येत न्हाई.’